पाचटातले गोळी होणारे किडे मेथी खातात का?

गच्चीवाला, राजारामपुरी
मंडळी, महिन्यापूर्वी गावाकडनं दोन पोती उसाचं पाचट आणून गच्चीवरच्या कुंड्यांत पसरलं. पाऊस लागला तसे खाली राखाडी किडे बुजबुजलेत. बोट लावलं की मिरीएवढी गोळी! आई म्हणते वाणी किड्याची पिल्लं. परवा रात्री दहाला बॅटरी घेऊन वर गेलो, तर पाच-सहाजण मेथीच्या एका रोपाला बुडाशी चिकटलेले. सकाळी रोप आडवं. सगळे सांगतात हे कुजकंच खातात. मग माझी मेथी कधी कुजली होती? औषध मारू का?

उसकरी
भावा, चुना टाक की. विषय संपला.

निवृत्त मास्तर
चुना नको. त्यांच्या कवचातच चुना असतो. कात टाकली की तीसुद्धा खाऊन तो परत घेतात. आधी मागची अर्धी कात, मग पुढची, त्यामुळे मध्येच एखादा अर्धा पांढरा दिसेल.

पाय मोजा, चौदा भरतील. वाणी किड्याला त्याहून कितीतरी जास्त. हे आयसोपॉड, खेकडा-कोळंबीच्या गोतातले. पोटाखालच्या पातळ पट्ट्यांनी श्वास घेतात, ओल गेली की मेले.

खातात कुजकंच, पण त्याला बुरशी चढून ते मऊ व्हावं लागतं. तुमचं पाचट अजून करकरीत, आणि शेजारी कोवळी मेथी. गर्दी झाली की देठाला तोंड लावणारच. स्वतःची लेंडीही परत खातात (जेवताना वाचू नका). त्यांचं रक्त लोखंडावर नाही, तांब्यावर चालतं. ते तांबं लेंडीतून थोडं परत मिळतं.

औषध राहू दे. रोपाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, पाणी सकाळी घाला. संध्याकाळी अर्धा बटाटा कापून पालथा ठेवा, सकाळी उचला.

गच्चीवाला, राजारामपुरी
मास्तर, ठेवला बटाटा. सकाळी खाली एक्केचाळीस! खळगा पाडलाय पठ्ठ्यांनी. सगळे खताच्या पिंपात सोडले. एकीच्या पोटाखाली पिवळसर दाणे दिसले, ते काय?

निवृत्त मास्तर
अंडी. आई पिशवीतच वागवते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पाय बाराच असतात.

गच्चीवाला, राजारामपुरी
म्हणजे पुढच्या आठवड्यात बटाटे दोन.