वर्ग सजवायला पदरचे पैसे घालायचेच असतील तर भिंतीवर घालू नका, खोक्यांवर घाला (जरा मोठं लिहिलंय)

खडूवाल्या_बाई:
अकरा वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधीचे आठ दिवस चार्टपेपर, क्रेप कागद, दुहेरी टेप, चमकी यातच जायचे आणि खर्च अर्थात माझाच. गेल्या वर्षी दुसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होते आणि पुढच्याच बाकावरचा एक मुलगा सारखा वर बघत होता. वर मी पंख्याच्या वाऱ्यावर हलणारे कागदी मासे टांगलेले, चांगले पंचवीस-तीस. विचारलं काय बघतोस रे, तर म्हणाला, "बाई, तो निळा मासा मघाशी खिडकीकडे तोंड करून होता, आता फळ्याकडे वळलाय." इतकं बारीक निरीक्षण! पण ते माशाचं, वजाबाकीचं नाही.

त्याच आठवड्यात मासे उतरवले आणि वाचायला बसले. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ चा प्रयोग आहे, बालवाडीतल्या २४ मुलांना काही विज्ञानाचे पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत दिले, काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जवळजवळ ३९ टक्के वेळ पाठाबाहेर होतं, मोकळ्या खोलीत २८ टक्के. आणि चाचणीत बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीत ४२ टक्के, मोकळ्या खोलीत ५५.

म्हणून माझं स्पष्ट मत, शिक्षकाने स्वतःच्या पैशातून सजावट करणं बंद करावं. पैसे आणि वेळ वस्तू खोक्यांत जागच्या जागी लावून ठेवण्यात घालावेत. मुलाला कात्री कुठेय हे न विचारता कळलं की झाला वर्ग चांगला.

रंगपेटी:
ताई, मनापासून असहमत. तुमच्या मुलाला मासा दिसला यात वाईट काय? ज्या मुलाच्या घरी एक पुस्तक नाही, भिंतीवर एक चित्र नाही, त्याच्यासाठी वर्गात पाऊल टाकल्यावर रंग दिसणं ही फार मोठी गोष्ट असते. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात दारातच रडत उभी राहणारी एक मुलगी होती, आत यायलाच तयार नाही, ती पहिल्यांदा आत आली ती भिंतीवरच्या झाडाला हात लावायला. ते झाड जुन्या खाकी पाकिटांचं खोड आणि रद्दी मासिकांची पानं, एवढंच होतं, खर्च फक्त खळीचा. मोकळ्या भिंतीने ती आत आली नसती.

आणि २४ मुलांच्या प्रयोगावरून सगळ्यांनी भिंती पुसून टाकायच्या? तीही नेहमीच्या वर्गात नाही, वेगळ्या खोलीत नेऊन शिकवलेली मुलं, नव्या खोलीत कोणीही इकडेतिकडे बघणारच ना.

मोजपट्टी:
भिंत हवी का नको असा प्रश्नच नाहीये, किती हवी असा आहे. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाचा २०१५ चा अभ्यास आहे, २७ शाळा, १५३ वर्ग, ३,७६६ मुलं, म्हणजे लहान म्हणून बाजूला टाकता येणार नाही. त्यांचं म्हणणं असं की भिंतीची २० ते ५० टक्के जागा मोकळी ठेवा. उरलेल्या जागेत लावा की. म्हणजे बाईंचे मासेही जास्त आणि बाईंच्या आताच्या कोऱ्या भिंतीही जास्तच.

त्याच अभ्यासात वर्गाच्या रचनेमुळे मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक पडतो त्यातला साधारण निम्मा वाटा उजेड, तापमान आणि हवेचा निघाला होता. आपण काय करतो, खिडकीच्या काचेवरच चित्रं चिकटवतो आणि दिवसा ट्यूबलाइट लावतो. काच मोकळी करायला दमडी लागत नाही.

दोन_मुलांची_आई:
मी शिक्षिका नाही, पालक आहे. मला खटकतं ते वेगळंच. शिक्षकांनी स्वतःचे पैसे का घालायचे? बाकी कुठल्या नोकरीत माणूस खुर्ची-टेबल घरून आणतो? एका वर्गाच्या ताईंनी हौसेने केलं की शेजारच्या वर्गाच्या बाईंना आम्ही पालकच टोमणे मारतो की तुमचा वर्ग असा का. मीही बोललेय असं पूर्वी, आता लाज वाटते. पालकसभेत सरळ यादी द्या, बुटांची खोकी, झाकणाचे डबे, जुनी कॅलेंडरं, दोरी, कपड्यांचे चिमटे. आमच्या घरात हे पडूनच असतं हो, मागत कोणी नाही.

खडूवाल्या_बाई:
@दोन_मुलांची_आई अगदी मनातलं बोललात, पण यादीत एक भर घाला, "एकाच मापाची" खोकी. मी नुसतं खोकी आणा म्हटलं तर चाळीस मापांची चाळीस आली, एकावर एक राहीनात, रोज कोसळायची. नंतर फक्त बुटांची घेतली, आडवी ठेवली आणि मागून एकमेकांना पुठ्ठ्याने जोडली, तर वीस कप्प्यांची मांडणीच तयार झाली.

@रंगपेटी त्या मुलीचं वाचून गलबलून आलं. पण तुम्हीच बघा, ती झाडाला हात लावायला आली. म्हणजे झाड तिच्या हाताच्या उंचीवर होतं. आपण बहुतेक सगळं आपल्या डोळ्यांच्या उंचीवर लावतो, कारण बघायला साहेब येणार असतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला ते मान वर करूनही वाचता येत नाही. बालशिक्षणाची स्वतःची पद्धत घालून देणाऱ्या मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं तेव्हापासून त्या पद्धतीत फळ्या-कपाटं मुलांच्या हाताला येतील एवढीच ठेवतात, यात नवीन काही नाही, आपणच विसरतो.

पहिला_बाक:
लेबलांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. विकतची छापील लेबलं लावू नका, मुलांकडून लिहून घ्या. माझ्या वर्गात एका खोक्यावर "कातरी" असं लिहिलंय, बाजूला कात्रीचं चित्र, तिची दोन्ही पाती एकाच बाजूला. मी ते दुरुस्त केलं नाही. दीड महिन्याने लिहिणाऱ्यानेच खडूने रेघ मारली आणि खाली "कात्री" लिहिलं, जोडाक्षर शिकला होता तोवर. ज्यांना अजून वाचता येत नाही ते चित्र बघून वस्तू जागेवर ठेवतात. पेन्सिली दोन डब्यांत ठेवतो, टोक असलेल्या आणि टोक मोडलेल्या, तासाच्या मधे शार्पनर शोधायला कोणी उठत नाही, मोडकी टाकायची आणि दुसरी घ्यायची. या एका गोष्टीने माझ्या वर्गातला जेवढा गोंधळ कमी झाला तेवढा कशानेच नाही.

रंगपेटी:
डब्यांचं पटलं, उद्याच करते. पण भिंतीचा मुद्दा मी सोडणार नाही. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलाला आजूबाजूला अक्षरं दिसायला हवीत, मुद्रणसमृद्ध वातावरण म्हणतात ते काही चैनीचं नाही. माझी मुलं मधल्या सुट्टीत भिंतीवरची एकमेकांची नावं वाचतात, "अगं तुझा ण असाच असतो का" म्हणून भांडतात, आणि त्यातूनच शिकतात. भिंत कोरी केलीत तर हे कुठे होणार?

मोजपट्टी:
रंगपेटी, नावं वाचतात ती मुलांनी लिहिलेली ना? मग तुम्ही आणि बाई एकच बोलताय असं मला तरी वाटतं.

रंगपेटी:
नाही, एकच नाही. बाई म्हणतायत सजावट बंद करा. मी म्हणतेय बाजारची सजावट बंद करा, बाकी चालू ठेवा. या दोन्हीत फरक आहे. तुम्ही बंद करा म्हणालात की शाळाही तेच धरून बसते आणि मग कागद मागितला तरी "भिंती मोकळ्याच बऱ्या" असं ऐकवतात, हे मी स्वतः ऐकलंय.

खडूवाल्या_बाई:
हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, खरंच. वरचं वाक्य मागे घेते. मागच्या भिंतीला दोन दोऱ्या बांधीन आणि चिमट्यांना मुलांचीच कामं, दर पंधरा दिवसांनी उतरवून ज्याची त्याला घरी द्यायची. फळ्याची भिंत मात्र मोकळीच ठेवणार, तिथे फक्त त्या आठवड्याचा तक्ता, मी यावर ठाम आहे. तुमच्या झाडाची पानं खळीने लावल्यावर वाळून गळत नाहीत का? माझी भिंत ओलसर आहे, टेपने लावलं की रंगाचे पोपडे निघतात.

रंगपेटी:
थेट भिंतीवर लावायचंच नाही. जुन्या चादरीचा तुकडा दोन खिळ्यांना ताणून बांधायचा आणि त्यावर टाके घालायचे, मोठे टाके, मुलंच घालतात. वर्ष संपलं की गुंडाळून ठेवायचं.