विषाणू आपल्याच पेशींच्या सिग्नलची नक्कल का करतो? मदत हवी आहे, अर्जंट

मांडवीकाठ: उद्या सेमिनार आहे आणि एका जागी अडकलोय. व्हायरस स्वतःचं आयएल-१० (पेशींना निरोप देणारं प्रथिन) बनवतो म्हणे, पण ते तर आपलं शरीरही बनवतं ना, मग त्याला वेगळं बनवून काय मिळतं? पटकन सांगा, लिंका नकोत.

फोंडेकर: अरे पण कुठला व्हायरस? आणि बारावी की एमएस्सी?

सत्तरीकर: आमच्याकडे माकडतापाची भीती असते. काजूच्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर अंगावर गोचीड बघा.

फोंडेकर: काका, ते विचारलंच नाहीये त्याने.

मांडवीकाठ: एमएस्सी मायक्रो. एपस्टाइन-बार व्हायरस, म्हणजे ईबीव्ही.

सूक्ष्मदर्शी: मग ऐक. आयएल-१० म्हणजे "आता पुरे, शांत व्हा" हा निरोप. शरीर तो दाह आवरायला देतं, ईबीव्ही बीसीआरएफ१ जीनवरून स्वतःच्या सोयीने देतो. मग इंटरफेरॉन-गॅमा (व्हायरसविरुद्ध चेतवणारा निरोप) कमी, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) थंड. आणि कॉपी हुबेहूब नाही, सरांना हेच सांग. माणसाचं आयएल-१० मास्ट पेशी, थायमोसाइट वगैरे प्रतिकारक पेशींना उत्तेजनही देतं, व्हायरसच्यात ते गेलंय कारण प्रथिनाच्या साखळीत ८७ व्या जागी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलनिन आहे. दाबणारं काम ठेवलं, चेतवणारं टाकलं. बी पेशी वाढवायचं मात्र बरोब्बर ठेवलंय, व्हायरस राहतो त्याच पेशींत ना!

डिचोलकर: सगळेच व्हायरस हे करतात, डेंग्यू पण. म्हणून मी म्हणतो गुळवेल घ्या.

सूक्ष्मदर्शी: नाही हो. डेंग्यूचा जीनोम जेमतेम ११ हजार अक्षरांचा, ईबीव्हीचा १ लाख ७० हजारांच्या आसपास. एवढ्याशा जागेत सायटोकाइनचा, म्हणजे आयएल-१० सारख्या निरोप्या प्रथिनाचा, जीन कुठे ठेवणार? डेंग्यूचं एनएस५ प्रथिन आपल्या पेशीतलं स्टॅट२ (इंटरफेरॉनचा निरोप आत पोचवणारं प्रथिन) नष्ट करवतं, म्हणजे आलेला निरोप आतच दाबतं. ती नक्कल नव्हे.

फोंडेकर: छोट्यांना जमत नाही असं सरसकट नको. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या छोट्या व्हायरसच्या जी प्रोटीनवर आपल्या फ्रॅक्टलकाइन या निरोप्या प्रथिनासारखा तुकडा आहे, तो त्याच्याच सीएक्स३सीआर१ या रिसेप्टरला (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो.

सूक्ष्मदर्शी: तुकडा वेगळा, अख्खं सायटोकाइन वेगळं.

फोंडेकर: रिसेप्टर फसला ना? मग नक्कलच.

मांडवीकाठ: भांडा नंतर. रिसेप्टरची पण नक्कल करतात ना, एक उदाहरण द्या.

फोंडेकर: देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया व्हायरसचं बी१८ प्रथिन. इंटरफेरॉनचा खोटा रिसेप्टर पेशीबाहेर सोडतो, इंटरफेरॉन त्यालाच चिकटून बसतं, खऱ्यापर्यंत पोचतच नाही.

डिचोलकर: गुळवेलीबद्दल कोणीच बोलत नाही.

मांडवीकाठ: ते ८७ सिग्नल पेप्टाइड (प्रथिन बाहेर पडताना कापला जाणारा सुरुवातीचा तुकडा) धरून की सोडून?

सूक्ष्मदर्शी: सोडून. धरलंस तर १०५.