शब्दचर्चा : ‘प्रशिक्षण’, ‘पाठबळ’ आणि ‘तालीम’

प्रश्न (राधानगरी तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षिकेकडून) :
जगभरातील शिक्षण व्यवस्थांविषयीच्या इंग्रजी लेखनात ‘टीचर सपोर्ट’ आणि ‘टीचर डेव्हलपमेंट’ हे शब्द जोडीने येतात. आमच्या शिक्षण परिषदेत वाचण्यासाठी टिपण लिहिताना मी ‘शिक्षक सहाय्य व विकास’ असे लिहिले, तेव्हा सहकाऱ्यांना ते एखाद्या अनुदान योजनेचे नाव वाटले. ‘प्रशिक्षण’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालेल काय?

उत्तर :
ताई, आधी शुद्धलेखनाचे पाहू. ‘सहायक’ बरोबर, ‘साहाय्य’ही बरोबर, ‘सहाय्य’ मात्र या दोहोंच्या सरमिसळीतून आले आहे.

आता ‘प्रशिक्षण’. शब्द व्युत्पत्तीने उत्तम आहे. ‘शिक्ष्’ हा धातू मुळात ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप आहे; म्हणजे शिकणे याचा मूळ अर्थ करू शकण्याची इच्छा धरणे असा होतो. तथापि शब्दाचा आजचा अर्थ पाहायचा तर त्याच्या शेजारी कोणते क्रियापद बसते ते पाहावे. शिक्षकांच्या खोलीत ‘मी प्रशिक्षण घेतो आहे’ असे वाक्य क्वचित ऐकू येते. ऐकू येते ते ‘सोमवारपासून ट्रेनिंग लागलंय’. निवडणुकीचे काम ‘लागते’, जनगणना ‘लागते’, तसेच हेही लागते. त्यात कर्ता शिक्षक नसतो. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी बारा वर्षांच्या आणि निवडश्रेणीसाठी चोवीस वर्षांच्या सेवेनंतर जे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, त्याचा उल्लेख आपण वेतनाच्या संदर्भातच करतो, वर्गाच्या संदर्भात सहसा करत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या डिजिटल व्यासपीठाचे नाव ‘दीक्षा’ आणि २०१९ मधील देशव्यापी प्रशिक्षण कार्यक्रमाचे नाव ‘निष्ठा’ आहे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेली ही नावे आपल्या कानाला फार मोठे अर्थ सांगतात, पण दीक्षा गुरूने द्यायची असते आणि निष्ठा दुसऱ्यावर ठेवायची असते. इथेही शिक्षकाकडे घेणाऱ्याचीच भूमिका येते.

म्हणून ‘सपोर्ट’साठी मी ‘पाठबळ’ सुचवतो. मराठीत ‘पाठ’ दोन आहेत. ‘पृष्ठ’पासून आलेली ती पाठ, आणि ‘पठ्’ धातूपासून आलेला, वर्गात घेतला जाणारा तो पाठ. पाठबळ हा शब्द पहिल्या पाठीचा असला तरी शिक्षकाच्या बाबतीत दुसऱ्या पाठाची आठवण आपोआप करून देतो, आणि हा योग मला मोलाचा वाटतो. शिवाय पाठबळ लागत नाही, ते मिळते किंवा लाभते. ते पाच दिवसांत ‘संपन्न’ होत नाही, मागे उभे राहते. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षे अनुभवी शिक्षकाची सोबत दिली जाते आणि त्याच्या तासिका पहिल्या वर्षी दहा टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षी पाच टक्क्यांनी कमी केल्या जातात. याला प्रशिक्षण म्हटले तर कमी केलेल्या तासिका शब्दाबाहेर राहतात; पाठबळ म्हटले की त्या आत येतात. आपल्याकडे २००० पासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणतात. त्या नावात मानधनाची आणि परिवीक्षाकाळाची सूचना आहे, सोबतीची नाही, आणि ही उणीव केवळ शब्दातली आहे असे मला म्हणता येत नाही.

‘डेव्हलपमेंट’चा प्रश्न अधिक खोल आहे. ‘विकास’ म्हणजे मुळात उमलणे. परंतु भूखंड, रस्ते आणि तालुके यांच्या सहवासात हा शब्द इतका राहिला आहे की माणसासाठी वापरताना तो परका वाटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाकडून दरवर्षी किमान पन्नास तासांच्या ‘सतत व्यावसायिक विकासा’ची अपेक्षा केली आहे, सिंगापूरमध्ये वर्षाला शंभर तासांची तरतूद आहे. तास मोजता येतात, पण त्या तासांत नेमके काय होते हे शब्दाने सांगायला हवे, आणि त्यासाठी आपल्या कोल्हापुरात एक शब्द आयता आहे. तो म्हणजे ‘तालीम’.

‘तालीम’ हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ शिक्षण असाच आहे; ‘वस्ताद’ हे फारसी ‘उस्ताद’चे मराठी रूप, म्हणजे शिक्षक. आपल्या गावाने हे दोन्ही शब्द कुस्तीला दिले आणि तिथे त्यांचा अर्थ जिवंत ठेवला. पहाटे गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत जाऊन पाहावे. वस्ताद मातीच्या हौद्याच्या कडेला उभे असतात. एक पोरगा पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, वाकतो आणि दरवेळी त्याची मान खाली जाते. वस्ताद व्याख्यान देत नाहीत. ‘मान’ एवढाच शब्द टाकतात. पोरगा पुन्हा वाकतो. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्ताद तिथेच असतात आणि त्यांना कालची मान आठवत असते.

जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’ नावाची जी जुनी पद्धत आहे, ती याच्या फार जवळची आहे. ‘जुग्यो’ म्हणजे पाठ, ‘केन्क्यू’ म्हणजे संशोधन. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे पाहतात आणि नंतर सगळे चर्चा करतात. तिसरीच्या वर्गात मी एकदा असे बसलो होतो. फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस हे उदाहरण होते. शिक्षिका हातचा नीट समजावत होत्या, आणि शेवटच्या ओळीतल्या मुलीने पस्तीस लिहिले. सातातून दोन तिला जातात, दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने आपल्या परीने मार्ग काढला होता. शिकवणाऱ्याला हे फळ्यापाशी उभे राहून दिसणे कठीण असते. कडेला बसलेल्याला दिसते. आपल्याकडील ‘पाठ निरीक्षण’ या शब्दात नजर शिक्षकावर असते. जपानी पद्धतीसाठी तो वापरू नये, ‘पाठसंशोधन’ म्हणावे.

प्रतिसाद (एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून) :
‘तालीम’ शब्दाला घोटून घेण्याचा वास येतो. नाटकाची रंगीत तालीम म्हणजे ठरलेले तसेच्या तसे करून पाहणे. शिक्षकाकडून तेच अपेक्षित आहे काय? दुसरे असे की महाराष्ट्रातील शिक्षिकांना कुस्तीची उपमा आपली वाटेल काय?

उत्तर :
सर, आपला पहिला आक्षेप मला मान्य आहे. नाटकाकडून आलेला अर्थ पुसता येणार नाही, म्हणून शासकीय लेखनासाठी मी ‘तालीम’ सुचवत नाही. तिथे ‘शिक्षकांची घडण’ म्हणावे. ‘घडवणे’ नको, ‘घडणे’ हवे, कारण त्या क्रियापदाचा कर्ता शिक्षक स्वतः असतो. दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. गांधीजींच्या ‘नई तालीम’मध्ये हा शब्द १९३७ मध्येच वर्ध्याहून शिक्षणात परत आला होता, आणि तिथे त्याचा कुस्तीशी काही संबंध नव्हता.

आपल्या जिल्ह्याने याबाबतीत आणखी एक शब्द दिला आहे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने ‘शाळा संकुल’ ही कल्पना मांडली : हायस्कूलभोवतीच्या प्राथमिक शाळांनी एकत्र यावे, म्हणजे वाडीवस्तीवरचा शिक्षक एकटा राहणार नाही. आज आपली केंद्रशाळा (आसपासच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा) आणि दरमहाची शिक्षण परिषद हे काम करू शकते, परंतु अनेकदा तिचा वेळ माहिती भरण्याच्या सूचनांतच जातो.

तेव्हा ताई, टिपणाचे शीर्षक ‘शिक्षकांना पाठबळ आणि शिक्षकांची घडण’ असे करावे. आणि परिषदेत ते वाचून झाल्यावर वेळ उरला, तर एखाद्या सहकाऱ्याच्या वर्गात सर्वांनी मिळून कडेला बसावे व एक पाठ पाहावा.