थंडरबर्डच्या इनबॉक्समधील यादी अचानक कोरी झाली

प्रश्न:
काल काम चालू असताना वीज गेली आणि संगणक तसाच बंद पडला. तेव्हापासून थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये इनबॉक्सची यादी कोरी दिसते, मात्र डिस्कवर ‘इनबॉक्स’ नावाची जवळपास २ जीबीची फाइल आहे. खाते पॉप पद्धतीचे (पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारे) असून सर्व्हरवर प्रती ठेवलेल्या नाहीत. वडिलांच्या उपचारांचा सगळा पत्रव्यवहार त्यातच आहे. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर १:
फाइल एवढी मोठी आहे, म्हणजे पत्रे बहुतेक सुरक्षित आहेत. पत्रांचा मजकूर त्या फाइलीत असतो, तर समोर दिसणारी यादी शेजारच्या ‘इनबॉक्स.एमएसएफ’ या छोट्या फाइलीवरून तयार होते आणि संगणक असा मध्येच बंद पडला की अनेकदा तीच बिघडते. आधी थंडरबर्ड बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची (त्यात थंडरबर्डची सगळी पत्रे आणि सेटिंग्ज असतात) प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ही पायरी कृपा करून वगळू नका. मग इनबॉक्सवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण दाबा. फाइल मोठी असल्याने वेळ लागेल, तोवर प्रोग्राम बंद करू नये.

उत्तर २:
वरील सल्ला योग्य आहे. यादी परत येईपर्यंत ‘कॉम्पॅक्ट’ (फोल्डरची फाइल आटोपशीर करण्याची क्रिया) मात्र करू नका, कारण डिलीट केलेल्या पत्रांवर तोवर केवळ खूण झालेली असते आणि त्या क्रियेनंतर ती फाइलीतून कायमची जातात.

प्रश्नकर्ता:
प्रत घेऊन दुरुस्ती केली आणि यादी परत आली. डॉक्टरांचे पहिले पत्रही जोडलेल्या अहवालासह उघडले. दोघांचेही मनःपूर्वक आभार.