डीएससीच्या प्रमाणपत्रातून नाव, मुदत आणि वापर पायथनने कसा वाचावा?

केळीपट्टा_रावेर

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यात एका करसल्लागारांच्या कार्यालयात संगणकाचे काम पाहतो. आमच्या पक्षकारांमध्ये केळीचे व्यापारी, जिनिंगचे भागीदार, जिल्हा परिषदेची कामे घेणारे ठेकेदार आणि काही ग्रामपंचायतींचे सरपंच आहेत. प्रत्येकाची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचे प्रमाणपत्र, वेगळ्या तारखेला संपते, आणि ती संपल्याचे नेमके निविदा भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी लक्षात येते. म्हणून सर्वांच्या प्रमाणपत्रांतील नाव, मुदत, अनुक्रमांक आणि वापर एका एक्सेलमध्ये आणणारा छोटा प्रोग्राम मी पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीवर लिहिला आहे. तो चालतो, पण सर्वांसाठी चालत नाही.

प्रमाणपत्रांच्या काही सीईआर फाइली नीट वाचल्या जातात, तर काहींवर प्रोग्राम पहिल्याच ओळीत थांबतो, आणि वरवर पाहता दोन्ही फाइलींत काहीच फरक दिसत नाही. काही प्रमाणपत्रांची सुरुवातीची तारीख विंडोजच्या खिडकीत दिसते त्यापेक्षा एक दिवस आधीची येते. अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे एक्सेलमध्ये शून्य होऊन जातात. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे वापराचे सर्व रकाने एकामागून एक छापायला गेलो की व्हॅल्यू एरर येते. शिवाय सध्या मी प्रत्येक डोंगल (डीएससी ज्यात ठेवलेली असते ते यूएसबी उपकरण) लावून, विंडोजमधून फाइल निर्यात करून मग ती वाचतो. कपाटातल्या डब्यात एवढे डोंगल आहेत की हे काम संपतच नाही. थेट डोंगलमधून वाचण्याचा काही मार्ग आहे का?

लळिंगचा_किल्लेदार

रावेरकर भाऊ, आपल्या पहिल्या अडचणीचे मूळ फाइलीच्या नावात आहे. सीईआर हे शेपूट आतील रचनेबद्दल काहीच सांगत नाही. विंडोजमधून निर्यात करताना डीईआर आणि बेस-६४ असे दोन पर्याय विचारले जातात आणि दोन्हींना सीईआर हेच नाव मिळते. डीईआर म्हणजे शुद्ध बायनरी, तर बेस-६४ म्हणजे तीच बायनरी अक्षरांत मांडून वर ‘बिगिन सर्टिफिकेट’ आणि खाली ‘एंड सर्टिफिकेट’ अशा ओळी जोडलेला मजकूर, ज्याला पेम म्हणतात. लायब्ररीत दोन्हींसाठी स्वतंत्र फंक्शने आहेत, लोड_पेम_एक्स५०९_सर्टिफिकेट आणि लोड_डीईआर_एक्स५०९_सर्टिफिकेट, आणि एकाची फाइल दुसऱ्याला दिली की ते ती नाकारते. तेव्हा फाइल बाइट्सच्या रूपात उघडावी, तीत ‘बिगिन सर्टिफिकेट’ सापडले तर पेमचे फंक्शन वापरावे, अन्यथा डीईआरचे.

यात एक आडवळण आहे. डीईआर फाइलीचा पहिला बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ३० असतो, कारण प्रमाणपत्राची सर्वांत बाहेरची रचना ‘सिक्वेन्स’ ही असते. परंतु पी७बी नावाची, प्रमाणपत्रांची संपूर्ण साखळी सामावणारी फाइलदेखील ३० नेच सुरू होते. कोणी पी७बीचे नाव बदलून सीईआर करून पाठवले असेल, तर डीईआरचे फंक्शन ती नाकारेल. अशा वेळी त्याच लायब्ररीच्या पीकेसीएस७ विभागातील फंक्शन वापरून पाहावे. ते यादी परत देते, तेव्हा त्यातील कोणते प्रमाणपत्र व्यक्तीचे आणि कोणते प्रमाणन संस्थेचे हे ‘बेसिक कन्स्ट्रेंट्स’ या विस्तारावरून (प्रमाणपत्रातील जादा माहितीच्या भागावरून) ठरवावे.

वापराच्या रकान्यांची व्हॅल्यू एरर हा आपल्या प्रोग्रामचा दोष नाही. ‘की यूसेज’ विस्तारातील एन्सायफर_ओन्ली आणि डिसायफर_ओन्ली या दोन खुणांना ‘की अग्रीमेंट’ ही खूण लागू असेल तरच अर्थ असतो, आणि ती नसताना त्यांची किंमत विचारली तर लायब्ररी ‘नाही’ असे उत्तर न देता मुद्दाम एरर देते. मला हे वागणे थोडे ताठर वाटते, पण प्रमाणाला धरून आहे. आपल्याला त्या दोन रकान्यांची गरजच नाही. डिजिटल_सिग्नेचर आणि कंटेंट_कमिटमेंट या खुणा असतील तर ते सही करण्याचे प्रमाणपत्र, आणि की_एन्सायफरमेंट असेल तर ते एन्क्रिप्शनचे. कंटेंट कमिटमेंट म्हणजेच पूर्वीचे ‘नॉन-रेप्युडिएशन’. विंडोज अजून जुनेच नाव दाखवते, म्हणून गोंधळू नये. ठेकेदारांच्या डोंगलमध्ये बहुधा ही दोन्ही प्रमाणपत्रे असतात आणि त्यांचे अनुक्रमांक वेगळे असतात, तेव्हा एका व्यक्तीच्या दोन ओळी आल्या तर त्यातील एक दुबार समजून काढून टाकू नये.

नाव वाचतानाही एक सावधगिरी घ्यावी. विषयाची, म्हणजे प्रमाणपत्र ज्याचे आहे त्याच्या तपशिलाची, संपूर्ण ओळ मजकूर म्हणून घेऊन स्वल्पविरामावर तोडण्याचा मोह होतो, पण फर्मच्या नावातच स्वल्पविराम असला की सगळे रकाने सरकतात. त्याऐवजी गेट_ॲट्रिब्यूट्स_फॉर_ओआयडी वापरून प्रत्येक घटक त्याच्या क्रमांकाने मागावा: नावासाठी २.५.४.३, संस्थेसाठी २.५.४.१०, पिनकोडसाठी २.५.४.१७. हे फंक्शन नेहमी यादी देते आणि ती रिकामीही असू शकते, म्हणून थेट पहिला घटक उचलू नये. व्यक्तिगत डीएससीत संस्थेच्या जागी ‘पर्सनल’ असा शब्द आढळेल, ते फर्मचे नाव नव्हे. पिनकोडचा रकाना मात्र आपल्या कामाचा आहे. ४२५००१ जळगावचा आणि ४२४००१ धुळ्याचा, एवढ्यावर पक्षकारांची गावनिहाय यादी आपोआप लागते.

गिरणाकाठ

तारखेबद्दल लिहितो, कारण वरच्या उत्तरात तो भाग राहिला आहे.

प्रमाणपत्रात वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असते. २००८ साली आलेल्या आरएफसी ५२८० या प्रमाणपत्रांच्या रचनेविषयीच्या प्रमाण-दस्तऐवजात तसा नियमच आहे, आणि २०४९ सालापर्यंतच्या तारखा ‘यूटीसी टाइम’ या प्रकारात व त्यापुढच्या ‘जनरलाइज्ड टाइम’ या प्रकारात लिहाव्यात असेही त्यात ठरवले आहे. भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. एखादे प्रमाणपत्र आपल्या घड्याळाने १ ऑक्टोबरच्या मध्यरात्री, म्हणजे ००:०० वाजता सुरू होत असेल, तर त्यात ३० सप्टेंबर १८:३० असे लिहिलेले असते. विंडोज ती वेळ आपल्या घड्याळात बदलून दाखवते, लायब्ररी बदलत नाही. आपला एक दिवस तिथे जातो.

तारखेचा फरक एकवेळ चालेल, पण मुदत संपली की नाही हे तपासताना तो महागात पडतो. नॉट_व्हॅलिड_आफ्टर या जुन्या गुणधर्मातून येणाऱ्या वेळेवर कोणत्याही कालक्षेत्राची खूण नसते. तिची तुलना संगणकाच्या स्थानिक वेळेशी केली, तर रात्री ११:५९ पर्यंत चालणारे प्रमाणपत्र संध्याकाळी साडेसहालाच संपलेले दिसते. म्हणूनच लायब्ररीच्या ४२ व्या आवृत्तीपासून नॉट_व्हॅलिड_आफ्टर_यूटीसी हा गुणधर्म आला आणि जुना वापरू नये असे सांगण्यात आले. नवीन गुणधर्म वापरावा आणि ५ तास ३० मिनिटांचा स्थिर फरक धरून वेळ बदलावी. आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी घड्याळे बदलत नाहीत, त्यामुळे त्यासाठी वेगळी लायब्ररी बसवण्याची आवश्यकता नाही.

यानंतर लगेच पुढची ठेच लागेल, ती आधीच सांगून ठेवतो. एक्सेल फाइल लिहिण्यासाठी ओपनपायएक्सएल ही लायब्ररी वापरत असाल तर कालक्षेत्र असलेली वेळ ते एक्सेलमध्ये लिहू देत नाही, कारण एक्सेलला कालक्षेत्र ही कल्पनाच ठाऊक नाही. भारतीय वेळेत बदलून झाल्यावर, आणि त्यानंतरच, टीझेडइन्फो ही कालक्षेत्राची खूण काढून टाकावी. क्रम उलटा झाला तर साडेपाच तास पुन्हा हरवतात.

अनुक्रमांकाचे शून्य होणे हे एक्सेलचे काम आहे. एक्सेल संख्येचे फक्त १५ अंक जपते आणि प्रमाणपत्राचा अनुक्रमांक २० बाइटपर्यंत लांब असू शकतो. तो हेक्समध्ये बदलून मजकूर म्हणून लिहावा. सीएसव्हीच्या वाटेने मात्र जाऊ नये, कारण हेक्समध्ये सगळे अंक आणि मध्ये एकच ‘ई’ आला तर सीएसव्ही उघडताना एक्सेल त्याला दहाचा घात समजते आणि अनुक्रमांकाची ओळखच पुसून टाकते.

केळीपट्टा_रावेर

दोघा दादांचे आभार. तारखा आणि अनुक्रमांक आता जुळत आहेत. थेट डोंगलमधून वाचण्याचा प्रश्न राहिला. तसेच विषयामध्ये २.५.४.५ या क्रमांकाचा एक घटक दिसतो, त्यात ६४ अक्षरांची लांबलचक ओळ आहे. त्याचेही नाव ‘सीरियल नंबर’च आहे, पण तो प्रमाणपत्राच्या अनुक्रमांकाशी जुळत नाही. तो रकाना एक्सेलमध्ये ठेवावा काय?

पांझरा_वकील

रावेरकर भाऊ, हा रकाना ठेवू नये, आणि कारण सविस्तर सांगतो.

तो प्रमाणपत्राचा अनुक्रमांक नसून धारकाची ओळख पटवणारा घटक आहे. आपल्याकडील डीएससीत तिथे धारकाच्या पॅनची एसएचए-२५६ हॅश, म्हणजे पॅनवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची ओळ, असते. त्यावरूनच एखादे पोर्टल ‘ही डीएससी या पॅनची नाही’ असे सांगू शकते. हॅश उलटवता येत नाही असे सगळे म्हणतात आणि तत्त्वतः ते खरेही आहे, परंतु पॅनची रचना ठरलेली आहे: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनचे चौथे अक्षर ‘पी’ असते आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर. नाव त्याच प्रमाणपत्रात लिहिलेले आहे. म्हणजे उरतात चार अक्षरे आणि चार अंक, सुमारे साडेचार अब्ज शक्यता. आजच्या साध्या संगणकालाही एवढ्या हॅश करून पाहायला फार वेळ लागत नाही. ती यादी व्हॉट्सॲपवर फिरली तर सर्वांचे पॅन फिरल्यासारखेच आहे. डीएससी योग्य व्यक्तीची आहे हे तपासायचे असेल, तर मोठ्या अक्षरांतील पॅनची हॅश काढून प्रोग्राममध्येच तुलना करावी आणि एक्सेलमध्ये फक्त ‘जुळले’ किंवा ‘जुळले नाही’ एवढेच लिहावे.

आता कपाटातल्या डब्याबद्दल. थेट वाचण्याचा मार्ग आहे: विंडोजवर डोंगलचा ड्रायव्हर प्रमाणपत्राची प्रत वैयक्तिक भांडारात ठेवतो, आणि पायथनच्या एसएसएल मॉड्यूलमधील एनम_सर्टिफिकेट्स या फंक्शनला ‘माय’ हे नाव दिले की त्या भांडारातील सर्व प्रमाणपत्रे डीईआर बाइट्सच्या रूपात मिळतात. त्यात संगणकाची स्वतःची इतर प्रमाणपत्रेही येतात. ‘सर्टिफिकेट पॉलिसीज’ विस्तारातील क्रमांक २.१६.३५६.१०० ने सुरू होत असेल तीच आपल्या सीसीएच्या (प्रमाणन संस्थांना परवाने देणाऱ्या शासकीय नियंत्रकाच्या) व्यवस्थेतील समजावीत. वर्ग ३ चा क्रमांक २.१६.३५६.१००.२.३ असा आहे. डोंगल काढल्यावर काही ड्रायव्हर ती प्रत पुसतात, काही तशीच ठेवतात, म्हणून भांडारात दिसले म्हणजे डोंगल लावलेला आहे असे मानू नये.

मात्र माझ्या मते आपल्याला हा मार्ग लागूच नये. प्रमाणपत्र ही जाहीर करण्याचीच वस्तू आहे. ते वाचायला ना पिन लागतो, ना सही करणारी गुप्त खासगी किल्ली. पक्षकाराने आपल्या संगणकावरून सीईआर फाइल एकदाच निर्यात करून पाठवली की पुढील दोन वर्षांची नोंद झाली. पाठवताना ती पीएफएक्स नाही एवढे पाहावे, कारण पीएफएक्समध्ये खासगी किल्लीही असू शकते. डोंगल मात्र त्यांच्याच घरी राहिला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४२ ने खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी धारकावर टाकली आहे, आणि सरपंचांचा डोंगल, त्यावर चिकटवलेला पिन आणि तिसऱ्याच माणसाचे कपाट ही रचना खानदेशात घरोघरी दिसत असली तरी त्या कलमापुढे टिकणारी नाही. उद्या वित्त आयोगाच्या निधीच्या एखाद्या देयकावरून वाद झाला, तर सही कोणी केली हा प्रश्न आपल्या कार्यालयापर्यंत येईल.

लळिंगचा_किल्लेदार

पांझराकाठच्या वकीलसाहेबांशी सहमत आहे. एक भर घालतो. वाचणे म्हणजे पडताळणे नव्हे. लायब्ररी नाव आणि मुदत दाखवते, पण ते प्रमाणपत्र खरोखर परवानाधारक संस्थेने दिले आहे की कोणी घरी बनवले आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन व्हेरिफाय_डायरेक्टली_इश्यूड_बाय ही पद्धत चालवावी, आणि तीच तपासणी वरच्या पायरीवर, भारताच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत करावी.

डोंगल हरवल्यामुळे रद्द केलेले प्रमाणपत्र मुदतीच्या रकान्यात अजूनही धडधाकट दिसेल, हेही ध्यानात ठेवावे. ‘सीआरएल डिस्ट्रिब्यूशन पॉइंट्स’ या विस्तारात रद्द प्रमाणपत्रांच्या यादीचा पत्ता असतो. ती यादी उतरवून त्यात गेट_रिव्होक्ड_सर्टिफिकेट_बाय_सीरियल_नंबर ने शोधावे, आणि तिथे द्यायचा अनुक्रमांक लायब्ररीने दिलेली मूळ संख्या असावी, एक्सेलमधून परत वाचलेली नव्हे.

केळीपट्टा_रावेर

कळले. पक्षकारांना सीईआर पाठवण्याचा निरोप उद्याच देतो आणि डोंगल पोहोच घेऊन ज्याचे त्याला परत करतो. रद्द यादीची तपासणी दर सोमवारी आपोआप चालेल अशी ठेवणार आहे. एका सरपंचांच्या फाइलीत सीआरएलचा पत्ता मागितल्यावर एक्स्टेन्शन_नॉट_फाउंड अशी एरर येते, ती कशाने?

गिरणाकाठ

त्या प्रमाणपत्रात तो विस्तार नाही, एवढाच तिचा अर्थ. ती एरर पकडून रकाना रिकामा सोडावा आणि पुढच्या फाइलीकडे जावे. मात्र परवानाधारक संस्थेच्या डीएससीत हा पत्ता असणे अपेक्षित आहे, म्हणून आधी त्या फाइलीचा विषय आणि देणारा हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत एकच नाव असेल तर ते स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र आहे, आणि सरपंचांनी भांडारातून दुसरीच ओळ निवडून निर्यात केली असण्याची शक्यता अधिक आहे.