पिकअपचे मागचे पाटे बसलेत : ३०० किलोचा सेट घेऊ की ५०० चा?

पेटीवाली
नमस्कार मंडळी. माझी पिकअप नऊ वर्षं जुनी आहे आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) कंपनीचेच आहेत : वर चार आणि तळाला एक जाड, सरळ, ओव्हरलोडचा. काम मधपेट्यांचं. फुलोरा संपला की रातोरात पेट्या दुसरीकडे न्यायच्या, एका खेपेला २४. एरवी हौद्यात रॅक, धुराडं, रिकाम्या फ्रेम, पाण्याचे कॅन असं किडूकमिडूक असतं.

गेल्या हंगामापासून भरलेली गाडी खड्ड्यात गेली की मागून धाडकन आवाज येतो. वाकून पाहिलं तर ॲक्सल आणि रबरी बंपस्टॉप (ॲक्सल फ्रेमवर आदळू नये म्हणून असलेला ठोकळा) यांच्यात बोटभर जागा उरलेली. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. रिकामी : डावीकडे ४७ सेंमी, उजवीकडे ४५.५. भरलेली : ३७ आणि ३५.५.

दुकानात तीन गोष्टी सांगितल्या. कायम ३०० किलो वजनासाठीचा सेट, कायम ५०० किलोसाठीचा, नाहीतर आहे त्याच संचात एक पाटा वाढवून घ्या. दुकानदाराचा जोर ५०० वर. म्हणे मजबूत माल कधी वाया जात नाही. पण माझी भीती उलटी आहे. पाटे कडक झाले की हादऱ्याने मधाने भरलेली पोळी फ्रेममधून तुटतात. मध गळतो, माश्या त्यात चिकटून मरतात, आणि उरलेल्या माश्या पेटी उघडणाऱ्याचं काय करतात ते विचारू नका. काय घ्यावं?

कमानकाका
ताई, मापं चाकाच्या मध्यापासून घेतलीत हे बरं केलंत. जमिनीपासून घेतली असती तर टायरमधली हवा मध्ये आली असती. दोन बाजूंत दीड सेंटीमीटरचा फरक, म्हणजे पाटे थकलेत. चालवणारा रोज एकाच बाजूला बसतो, ती बाजू आधी बसते.

मी हयातभर पाट्यांचंच काम केलं. सेटवर लिहिलेला आकडा 'एवढं पेलतो' असा वाचू नका. 'एवढं वजन कायम मागे असेल तर गाडी सरळ उभी राहील' असा वाचा. ५०० चा सेट रिकाम्या गाडीला लावलात तर शेपूट वर करून उभी राहील आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा हौद्यात पोचवेल. वर्षातून मोजक्या रात्री होणाऱ्या खेपेवरून पाटे निवडू नका. रोज काय असतं ते बघा.

म्हणून आधी वजनकाट्यावर जा. पूर्ण गाडी नको, फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. तीनदा : हौदा अगदी मोकळा करून, रोजच्या सामानासकट, आणि भरलेली. 'रिकामी गाडी' म्हणणाऱ्यांची गाडी सहसा रिकामी नसते.

खडीवरचा
काका म्हणतात ते मी पैसे घालवून शिकलोय. दुकानदाराचं ऐकून सगळ्यात जाड संच घेतला. भरलेली गाडी रेल्वेच्या डब्यासारखी चालायची. रिकामी मात्र खडबडीत, लाटालाटांच्या रस्त्यावर वळणात मागून उड्या मारत बाजूला सरकायची. एकदा चर खणलेल्या बाजूलाच सरकली, तेव्हा अक्कल आली. पुढचे सहा महिने हौद्यात वाळूची पोती टाकून फिरलो. वजन वाहायला पाटे घेतले आणि पाट्यांसाठी वजन वाहिलं!

दुसरा_गिअर
थोडं वेगळं मत. एक पाटा वाढवणं इतकं वाईट नाही. मी वाढवलाय, तीन वर्षं झाली, गाडी तीनेक सेंटीमीटर उचलली गेली. फक्त आखूड पाटा घेऊ नका. तो मध्यभागीच कडक होतो आणि जिथे संपतो तिथे वरच्या पाट्यावर सगळा ताण येतो. लांब, निमुळत्या टोकांचा घ्या.

कमानकाका
दुसरा_गिअर, लांब पाट्याचं बरोबर. पण तुमचे जुने पाटे धड असणार. ताईंचे चारही बसलेत. थकलेल्यांच्या पंगतीत एक तरणा बसवला की बहुतेक ओझं त्याच्याच वाट्याला येतं. शिवाय जाडीचा हिशेब फसवा असतो. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. त्याच लांबी-रुंदीचा ७ ऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घेतला तर दिसायला एकच मिलिमीटर, पण तो जवळपास दीडपट कडक. 'थोडा जाड देतो' म्हणणाऱ्याला म्हणूनच कॅलिपर दाखवायचा.

जुने पाटे ठोकून कमान चढवून देतो असंही कुणी सांगेल. थंड ठोकलेले पुन्हा बसतात. गॅसने तापवून वाकवले तर पोलादाचा कसच जातो. त्या फंदात पडू नका.

पेटीवाली
काट्यावर जाऊन आले. मागच्या ॲक्सलवर : मोकळा हौदा ८५० किलो, रोजचं सामान ९९०, २४ पेट्यांसकट १५२०. गाडीच्या पट्टीवर मागची मर्यादा १७०० आहे. म्हणजे माझं 'किडूकमिडूक' १४० किलो निघालं. काका, खजील झाले. पाण्याचे कॅनच निम्मे आहेत. पेट्या मात्र मोजून ६२० किलोच्या होत्या, मग मागे ५३० च का वाढले?

कमानकाका
हौद्याचा मध्य ॲक्सलच्या थोडा पुढे असतो, म्हणून बाकीचं पुढच्या चाकांवर गेलं. आता बघा : तुमची 'रिकामी' म्हणजे रोजच्या सामानासकटची, तिच्यावर ५३० किलो म्हणजे एका बाजूला २६५, आणि गाडी १० सेंटीमीटर दबली. मिलिमीटरला २.६५ किलो. दुकानदाराला प्रत्येक सेटचा हाच आकडा विचारा. साडेतीनच्या आसपासचा मिळाला तर त्याच पेट्यांनी गाडी साडेसात सेंटीमीटर दबेल, आणि सुरुवातच वरून होईल. तुम्हाला ३०० चा सेट. रोजच्या १४० ला जवळचा तोच, ५०० चा खेपेच्या ६७० कडे झुकतो.

एक लक्षात ठेवा, पाट्यांनी १७०० चे १८०० होत नाहीत. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहतात.

घेताना मेन, म्हणजे सगळ्यात वरच्या पाट्याचे डोळे (टोकांच्या गोल वळ्या) मापून घ्या, आणि सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टपासून पुढचा व मागचा भाग वेगवेगळा मोजा. पुष्कळ गाड्यांत ते सारखे नसतात. दुसरा पाटा मेन पाट्याच्या डोळ्याभोवती वळवलेला असेल तर उत्तम. मेन पाटा तुटलाच तर ॲक्सल जागेवर राहतो.

खडीवरचा
आणि ब्रेक! फ्रेमवरच्या व्हॉल्व्हपासून मागच्या ॲक्सलला एक काडी जाते का बघा. असली तर ती उंचीवरून वजन ओळखते. गाडी वर उचलली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरलेल्या गाडीतही मागच्या ब्रेकला दाब कमी जातो. माझ्याकडे हे कुणीच केलं नव्हतं. काडी नव्या उंचीला जुळवून घ्या.

पेटीवाली
काडी आहे. मेकॅनिकला दाखवली, तो म्हणाला बरं झालं सांगितलंत.

कमानकाका
पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही, आणि ते सैल राहिले की पाटे सरकून सेंटर बोल्ट तुटतो. डोळ्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक फ्रेमला जोडणारी झुलती कडी) बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर, मग आवळा. नाहीतर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

पेटीवाली
३०० चा सेट बसवला. रोजच्या सामानासकट दोन्हीकडे ५०.५. काल रात्री २४ पेट्या भरल्या, ४३ वर थांबली. धाडकन आवाज एकदाही नाही. सकाळी पेट्या उघडल्या, एका फ्रेमचं पोळं तुटलं होतं. पण ते नवं, मऊ, तार न लावलेलं होतं. तो दोष माझा. हेडलाइट खाली आल्यात, त्या उद्या जुळवते. पाण्याचे दोन कॅन उतरवले. यू-बोल्ट ५०० किलोमीटरनंतर परत आवळायचे ना?

कमानकाका
हो. आणि भरलेल्या खेपेच्या आधी आवळा, नंतर नको.