अरोराला मराठीत काय म्हणावं?

उत्तरवारा
मी नॉर्वेत ट्रोम्सोला राहते. परवा आईला फोनवर म्हटलं, "काल रात्री ध्रुवीय प्रकाश दिसला." ती म्हणाली, "ध्रुव तर इथूनही दिसतो की!" अहो आई, अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशात हलणारा रंगीत उजेड! तेव्हापासून 'ध्रुवीय प्रकाश' हा शब्द खटकतोय. ध्रुव म्हणजे अढळ, आणि ही बया क्षणभर एका जागी ठरत नाही. बरं, ती ऐन ध्रुवावर नसतेच. चुंबकीय ध्रुवाभोवती तिचं एक कडं असतं, आमचं गाव त्या कड्याखाली येतं. ध्रुवीय ज्योती, मेरुप्रकाश, की सरळ अरोरा?

पाटीपेन्सिल
ध्रुवीय प्रकाश रुळलाय, राहू द्या. ज्योती हिंदीत शोभते, आपल्याला ज्योत म्हटलं की समई आठवते. मेरुप्रकाश कानाला गोड आहे, पण सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातला मेरू पर्वत उत्तर ध्रुवावरच आहे. म्हणजे अर्थ तोच, फक्त आईंना ताऱ्याऐवजी डोंगर आठवेल.

अलिबागकर
माझी तक्रार अरोरासोबत बातम्यांत येणाऱ्या दुसऱ्या शब्दाबद्दल: भूचुंबकीय वादळ, ज्याने अरोरा भडकतो. मे २०२४ मध्ये ही बातमी आली तेव्हा आमच्या आळीत पत्रे बांधायची चर्चा सुरू झाली! हसू नका, ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ आमच्या अंगावरून गेलंय. इथे ना वारा ना पाऊस, हलते ती चुंबकसूची. सूर्याकडून आलेला भारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो, पृथ्वीभोवती विजेचा प्रवाह वाढतो आणि जमिनीवरचं क्षेत्र काही तास, कधी काही दिवस, दबतं.

पण शब्द बदलावा असंही वाटत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्टनेही त्याच्या भाषेत वादळाचाच शब्द वापरला होता. आणि आमचा वादळ नि हिंदीतला बादल हे एकाच संस्कृत 'वार्दल'चे वंशज. हिंदीत ढग उरला, मराठीत तडाखा.

जाता जाता: २ सप्टेंबर १८५९च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज (आडवा) भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे क्षेत्र मोजायचं एकक) घसरल्याची नोंद आहे. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, आणि आपल्याकडे कुणीतरी आकडे लिहीत बसलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून ही चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवली. आमच्या गावची मिरवायची गोष्ट आहे, म्हणून सांगितली.

जुनीवही
मूळ शब्दाकडे कुणीच बघत नाहीये. अरोरा ही रोमनांची पहाटेची देवी, आपल्या वेदांतल्या उषेची सख्खी बहीण. दोन्ही नावं एकाच धातूची. उत्तरेची पहाट या अर्थाने हे नाव गॅलिलिओने १६१९ मध्ये वापरलं. कुठे बसून? इटलीत! दूर दक्षिणेतून फक्त वरचा भाग दिसतो, क्षितिजाशी लालसर उजेड, जणू चुकीच्या दिशेला दिवस उगवतोय. जे रोज डोक्यावर बघतात ते नॉर्वेजियन नुसतं 'नूर्लीस' म्हणतात, म्हणजे उत्तरेचा उजेड. पहाट दिसली ती लांबच्यांना.

आपण त्याहून लांबचे. आणि पहाटेला आपण काय म्हणतो? तांबडं फुटलं! मग 'उत्तरेचं तांबडं' का नको?

उत्तरवारा
अहाहा! पण आमच्याकडे हिरवं फुटतं हो. शंभर-दीडशे किलोमीटरवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो. तांबडं त्याच्याही वर, दोनशेच्या पुढे. तिथे हवा इतकी विरळ की उत्तेजित अणूला मिनिट-दोन मिनिटं कुणाचा धक्का लागत नाही, तेव्हा कुठे तो लाल प्रकाश सोडतो. खाली धक्काबुक्कीत ती ऊर्जा आधीच निघून जाते.

पाटीपेन्सिल
म्हणजे लोकल आणि माळरान. :)

हानलेपंथी
उत्तरेचं तांबडं आवडलं, पण एक पाचर मारतो. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला लाल पट्टा सगळीकडे अरोरा म्हणून फिरला. अभ्यासक त्याला वेगळं काढतात. अरोरात वरून येणारे कण हवेवर आदळतात. हानलेच्या पट्ट्यात पृथ्वीभोवतीच्या त्या विजेच्या प्रवाहातली उष्णता खाली झिरपते, तिने तापलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला उजळवतात. नाच नाही, पडदे नाहीत, स्थिर कमान. म्हणजे भारतातून दिसलेलं तांबडं काटेकोरपणे अरोरा नव्हतं, आणि ट्रोम्सोचा अरोरा बहुतेक वेळा तांबडा नसतो.

जुनीवही
मग कमानीला 'तांबडी कमान' म्हणा. उषेवरचा माझा हक्क सोडत नाही.

उत्तरवारा
आईला विचारलं. ती म्हणते, "अरोराच म्हण. पण फोटो पाठव."